बिनपडद्यांचा सूर

तंतुवाद्य हाती धरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला काही दिवस असे येतात की, त्या दिवशी सूर म्हणून लागत नाही. वाद्य तेच असते, तारा त्याच असतात, हातही कालचाच असतो. परंतु काल जो गंधार आपण होऊन पुढे आला, तो आज शोधूनही सापडत नाही. गवई अशा दिवशी ‘आज गळा लागला नाही’ म्हणतो, वादक ‘आज हात बसत नाही’ म्हणतो, आणि दोघेही हवेला, झोपेला किंवा नशिबाला दोष देऊन मोकळे होतात. तरीही सतार अथवा वीणा वाजविणाऱ्याला अशा दिवशी पडद्यांचा आधार असतो. बोट पडद्यामागे टेकले की सूर निदान आपल्या जागेच्या आसपास तरी येतो. ज्याच्या वाद्याला पडदेच नाहीत, त्याने काय करावे?

हा प्रश्न आज प्रामुख्याने हवाई गिटार, म्हणजेच स्टील गिटार वाजविणाऱ्या हौशी मंडळींचा आहे. परंतु तो त्यांच्यापुरता नाही आणि नवाही नाही. दक्षिणेत कावेरीच्या काठी तो फार पूर्वी विचारला गेला होता. तो विचारणाऱ्यांत एक मराठी नावाचा वादक होता. आणि त्याच्या शिष्याने त्याचे उत्तर म्हैसूरच्या राजदरबारापर्यंत आणले. नोकरीच्या निमित्ताने म्हैसुरात राहणाऱ्या मराठी माणसाला हा धागा हाताशी असूनही सहसा दिसत नाही. तो उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा दांडीपासून इतक्या उंच असतात की त्या दाबता येत नाहीत, दाबावयाच्याही नसतात. डाव्या हातातील पोलादाची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवीत न्यावयाची आणि उजव्या हाताच्या नख्यांनी तार छेडावयाची, अशी तिची रीत. ‘स्टील’ हे नाव गिटारीला मिळाले ते या कांडीमुळे. दांडीवर पडद्यांच्या रेघा असतात, पण त्या नकाशावरील रेघांसारख्या असतात. प्रवास आपल्यालाच करावा लागतो. साठ सेंटीमीटर लांबीची तार षड्जात लावलेली असेल, तर शुद्ध गंधार तिच्या वरच्या टोकापासून बरोबर १२ सेंटीमीटरांवर सापडतो. तंबोऱ्याच्या नादातून आपोआप ऐकू येणारा तो हाच गंधार. पियानोच्या किंवा पेटीच्या समान बारा भागांच्या सप्तकातील गंधार मात्र त्याच्यापुढे सुमारे चार मिलीमीटरांवर पडतो. वरच्या सप्तकात गेले की हे अंतर निम्मे, म्हणजे दोन मिलीमीटरांहूनही कमी होते. म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढ्या जागेत बरोबर आणि चूक यांचा निवाडा होतो, आणि तो दर सुराला नव्याने होतो.

यात वाद्याची आणि हवेची भर पडते. तार तापली की सैल होते आणि सूर उतरतो. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. लाकडी खुंटी पावसाळ्यात जाम होते आणि उन्हाळ्यात निसटते. नवी तार पहिले काही दिवस ताणत राहते आणि तासातासाला उतरते. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत राहिलेले वाद्य समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेआठशे मीटर उंचीवरील म्हैसुरात आणले, तर बदली झालेल्या नोकराप्रमाणे त्यालाही नव्या जागी रुळावयास काही महिने लागतात. या काळात त्याच्यावर रागावून उपयोग नसतो. त्याला खोलीच्या हवेत थोडा वेळ उघडे ठेवावे, तार आधी थोडी उतरवून मग खालून वर चढवीत सुरात आणावी, आणि वाजविण्यापूर्वी ती हाताने हलकेच ताणून घ्यावी, हेच त्याचे पथ्य.

तारांची ही चंचलता आपल्या पूर्वसूरींना चांगली ठाऊक होती. पडद्यांचा इतिहास हा एका अर्थाने या चंचलतेला वेसण घालण्याचाच इतिहास आहे. विजयनगरच्या रामामात्याने १५५० मध्ये लिहिलेल्या ‘स्वरमेलकलानिधी’ या ग्रंथात वीणेच्या मेलांची चर्चा आहे. त्या काळी एक प्रकार असा होता की, राग बदलला की पडदे सरकवून पुन्हा मांडावयाचे. आणि दुसरा असा की, एकदा मांडलेल्या पडद्यांवर सर्व राग वाजवावयाचे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरच्या रघुनाथ नायकाने दुसरा मार्ग कायम केला असे मानले जाते. दोन सप्तकांसाठी दर सप्तकाला बारा याप्रमाणे चोवीस पडदे असलेली आजची दाक्षिणात्य वीणा त्याच्याच नावाशी जोडली जाते. ही मोठी सोय होती. दर रागाला वाद्य नव्याने मांडण्याची कटकट गेली, आणि वादकाच्या वाईट दिवसाला एक कायमची कुंपणे मिळाली.

परंतु हे कुंपण तरी किती कायमचे? दाक्षिणात्य वीणेचे पडदे मेणाच्या मिश्रणात बसविलेले असतात. मेण उन्हाने मऊ होते, पडदा केसभर सरकतो, आणि ठराविक काळाने जाणत्या कारागिराकडून सगळे पडदे उखडून पुन्हा बसवून घ्यावे लागतात. तेव्हा सूर एकदाचा ठरवून टाकावा आणि पुढे निर्धास्त राहावे, ही माणसाची इच्छा पडद्यांच्या वाद्यातही पुरती सफळ होत नाही. फरक एवढाच की, वीणेत हा हिशेब वर्षा-दोन वर्षांनी होतो आणि बिनपडद्याच्या वाद्यात क्षणाक्षणाला.

तंजावर नायकांकडून मराठ्यांकडे आले ते १६७५ च्या सुमारास, व्यंकोजीराजांच्या वेळी. पुढील पावणेदोनशे वर्षांत तेथील भोसले राजांनी संगीताला जो आश्रय दिला, त्याची कथा मराठी वाचकाला थोडीबहुत परिचित आहे. तुळजाराजांच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) युरोपीय वाद्यांचा ताफा पदरी बाळगला आणि सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला. या सरफोजींपूर्वी गादीवर असलेले त्यांचे चुलते अमरसिंह १७९८ मध्ये पदच्युत झाल्यावर कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर या क्षेत्री राहावयास गेले. मध्यार्जुन हे त्याचे संस्कृत नाव. राज्य गेले, तरी गवई-वादकांचा परिवार त्यांच्याभोवती राहिला आणि त्या लहानशा गावात मराठी दरबाराची एक छोटी शाखा उभी राहिली. तेथे हिंदुस्थानी पद्धतीचे गाणेही ऐकू येत असे. तमिळ कीर्तनकार गोपाळकृष्ण भारती यांना हिंदुस्थानी संगीताची ओळख याच परिसरात झाली.

याच तिरुविडैमरुदूरचे सखारामराव. नावच आपली हकिगत सांगते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी गोटुवाद्यम् या वाद्याला दक्षिणेच्या मैफिलीत पुन्हा मानाचे स्थान मिळवून दिले. आकाराने हे वाद्य वीणेसारखेच. तसाच भोपळा, तशीच दांडी. परंतु दांडीवर एकही पडदा नाही. डाव्या हातात लाकडाचा किंवा शिंगाचा गुळगुळीत दांडू घेऊन तो तारांवरून सरकवावयाचा. ‘गोटु’ या शब्दाचे मूळ काठी या अर्थाच्या द्राविडी शब्दात शोधतात. मराठी कानाला मात्र आपल्या घरातला ‘गोटा’ आठवल्यावाचून राहत नाही, आणि कामाकडे पाहता तो शब्द अगदीच विसंगतही म्हणता येणार नाही. रघुनाथ नायकाने ज्या प्रांतात पडदे कायम केले, त्याच प्रांतात तीनशे वर्षांनी एका वादकाने पडद्यांवाचून वाजवून दाखवावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

त्यांनी हा अवघड मार्ग का पत्करला असावा, याचे उत्तर वाद्याच्या घडणीतच आहे. पडद्यावर सूर कमी लागला, तर तार बाजूला ओढून तो चढविता येतो. पण तो जास्त लागला, तर उतरविण्याचा उपाय त्या पडद्यावर नाही. दांडूच्या वाद्यात दोन्ही वाटा मोकळ्या असतात. सूर चुकला तर तो चुकल्याचे सर्वांना ऐकू येते हे खरे. परंतु त्याच सुराच्या पोटात, त्याच श्वासात, तो वर किंवा खाली सरकवून दुरुस्त करता येतो. मानवी गळा नेमके हेच करीत असतो. म्हणूनच बिनपडद्यांच्या वाद्यांना गायकीच्या सर्वांत जवळचे मानतात. चुकीला येथे आडोसा नाही, पण दुरुस्तीला अडसरही नाही. वाईट दिवस कसा निभवावा, याची किल्ली या एका गोष्टीत आहे.

याची साक्ष सखारामरावांच्या एका विद्यार्थ्याच्या चरित्रात मिळते. हा विद्यार्थी वादक नव्हे, गायक झाला, आणि तोही साधासुधा नव्हे. सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर (१९०८–२००३) यांचा आवाज लहानपणी इतका खरखरीत होता की, एका थोर गायकाने त्यांना गाणे सोडून व्हायोलिन हाती घेण्याचा सल्ला दिला होता. त्यांच्या बाबतीत वाईट दिवस अधूनमधून येत नव्हता, रोजचाच होता. अशा अवस्थेत ते सखारामरावांकडे शिकले. हा काळ आपल्या आयुष्याला वळण देणारा ठरला, असे पुढे मानले गेले. दांडू ज्या सावकाशीने एका सुरावरून दुसऱ्यावर जातो, त्या सावकाशीने गळा नेण्याची सवय रोजच्या मेहनतीने अंगी बाणली, की आवाजाचा खडबडीतपणा सुराच्या आड येत नाही, असा याचा अर्थ मी लावतो. १९४७ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ हा बहुमान त्यांना मिळाला, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते. तो आवाज अखेरपर्यंत मधुर झाला नाही. पण त्यातील सुराबद्दल कोणी शंका घेतली नाही.

आता तंजावरहून म्हैसुराकडे येऊ. ही वाट नवी नव्हती. नृत्यसंगीतासाठी प्रसिद्ध झालेल्या तंजावरच्या चार बंधूंपैकी चिन्नय्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांच्या आश्रयास म्हैसुरास आले होते. १८५५ मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, इंग्रजांनी ते संस्थान खालसा केले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कलावंतांना दुसरे दरबार शोधणे भाग पडले. कलावंतांप्रमाणेच कारभारीही बाहेर पडले. कुंभकोणम-तंजावरकडील देशस्थ मराठी घराण्यांतील सर टी. माधवराव यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी केली. त्यांचे चिरंजीव टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते आणि त्यांच्या आधी व्ही. पी. माधवराव. घरापासून दूर नेमणूक घेऊन राज्ययंत्र चालविणारा मराठी माणूस म्हैसुराला आपल्या पिढीत प्रथम दिसला, असे नाही, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

नाल्वडी कृष्णराज वोडेयर (१८८४–१९४०) यांच्या कारकीर्दीत म्हैसूर हे दक्षिणेतील संगीताचे मोठे केंद्र होते. महाराज स्वतः अनेक वाद्ये वाजवीत. दरबाराचे भूषण होते वीणा शेषण्णा (१८५२–१९२६). त्यांची एक गोष्ट आपल्या बडोद्याशी निगडित असल्यामुळे येथे सांगतो. सयाजीराव गायकवाडांनी त्यांचे वादन ऐकून त्यांना पालखीचा मान दिला. ते म्हैसुरास परतल्यावर त्या पालखीतून त्यांची मिरवणूक पाहण्याची इच्छा महाराजांनी व्यक्त केली. आपल्या धन्यासमोर पालखीत बसणे शेषण्णांना प्रशस्त वाटेना. तेव्हा त्यांनी पालखीत वीणा ठेवली आणि स्वतः बाजूने पायी चालत गेले, असे म्हैसुरात सांगतात. या गोष्टीतील विनयाचे कौतुक नेहमी होते. मला त्यात वादकाचा व्यवहारही दिसतो. हाताला बरे-वाईट दिवस असतात, हे ज्याला पुरते ठाऊक आहे, तो मान हाताकडे न घेता वाद्याकडे वळवितो.

या पडद्यांच्या वीणेच्या नगरीत सखारामरावांचे शिष्य गोटुवाद्यम् नारायण अय्यंगार राजदरबारी वादक म्हणून मान्यता पावले. त्यांचे निधन १९५९ मध्ये झाले. गुरूने वाद्य मैफिलीत आणले, शिष्याने ते दूरवर पोहोचविले. त्यांचे चिरंजीव नरसिंहन् यांनी ही विद्या सांभाळली, आणि नातू रविकिरण १९६७ मध्ये म्हैसुरातच जन्मले. आज वाद्य ‘चित्रवीणा’ या नावाने ओळखले जाते, आणि दांडू पूर्वीच्या लाकडाऐवजी टेफ्लॉनचाही असतो. आजच्या चित्रवीणेला मुख्य तारांखेरीज टोणक्या, म्हणजे षड्ज-पंचमाचा ठेका धरणाऱ्या तारा असतात, आणि खाली तरफेच्या सुमारे डझनभर तारा असतात. या तरफांविषयी पुढे बोलू.

इकडे हे चालू असताना पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तोच शोध स्वतंत्रपणे लागत होता. हवाई बेटांतील जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) या शाळकरी मुलाने १८८९ च्या सुमारास होनोलुलू येथे गिटारीच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजविण्याची रीत सिद्ध केली. तेथे अशीही एक आख्यायिका आहे की, गाब्रिएल डेव्हिऑन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या एका तरुणाने त्याच्या आधी तेथे गिटार अशा रीतीने वाजविली होती. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. परंतु ज्या देशात दांडूने वीणा वाजविली जाते, त्या देशातील मुलाला हे सुचले असेल तर त्यात नवल नाही. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर हवाई गिटारीची अमेरिकेत लाटच उसळली. पुढे ताऊ मो या सामोआ-हवाईच्या वादकाने कुटुंबासह आशियाभर दौरे केले आणि १९४० नंतरची काही वर्षे कलकत्त्यास मुक्काम करून अनेकांना हे वाद्य शिकविले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले यांनी ते घरोघर पोहोचविले. १९६७ मध्ये ब्रिजभूषण काब्रा यांनी शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत केलेल्या ध्वनिमुद्रिकेने हवाई गिटार रागसंगीतात स्थिर झाली; आणि विश्वमोहन भट्ट यांनी तिला चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडविली. म्हणजे होनोलुलूहून निघालेली गिटार हिंदुस्थानात आली आणि हळूहळू तिने गोटुवाद्यमचेच रूप धारण केले.

असे का झाले? तारा जोडण्यामागे केवळ शोभा नव्हती. पाश्चात्त्य स्टील गिटार स्वरसंघातासाठी, म्हणजे एकाच वेळी अनेक तारा एका कांडीखाली वाजविण्यासाठी लावलेली असते. तेथे एका संघातात गोड वाटणारा गंधार दुसऱ्यात टोचतो. म्हणून जाणते वादक काही तारा किंचित उतरवून तडजोड करतात. आपल्याकडे षड्ज अचल असतो. त्यामुळे अशा तडजोडीचे कारण उरत नाही, पण सवडही उरत नाही. सूर एक तर त्या षड्जाशी जुळतो किंवा जुळत नाही.

या निवाड्याचे गणित मांडण्याचा उद्योग महाराष्ट्रात झाला आणि तो सरकारी नोकरांनी केला, हे या मासिकाच्या वाचकांना आवडेल. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सिव्हिल सर्व्हिसमधील ई. क्लेमेंट्स हे न्यायाधीश त्यांचे सहकारी होते, आणि मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब प्रत्यक्ष गाऊन त्यांना स्वर दाखवीत. या खटाटोपातून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. पण गवयांच्या कसोटीस ती उतरली नाही. सूर हा एका जागी खिळवून ठेवता येत नाही, रागाच्या चालीत तो जागा किंचित बदलतो, हे गवयांचे म्हणणे होते. पुढे १९४० मध्ये नभोवाणीने साध्या पेटीला बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीचा सूर कधी बिघडत नाही, पण तो पुरता बरोबरही कधी नसतो. आणि दांडूचा सूर दहादा बिघडतो, पण अकराव्यांदा जेव्हा लागतो, तेव्हा तो पुरता लागतो. या दोहोंतील निवड ही अखेर वृत्तीची निवड आहे. आज खिशातील मोबाइलमध्ये सूर दाखविणारा काटा असतो. तो तार लावण्यास उपयोगी आहे. परंतु तो पेटीचा वारस आहे, हे विसरू नये. त्याच्या आज्ञेत राहून वाजविलेला गंधार तंबोऱ्याजवळ नेला की उघडा पडतो.

मग बिनपडद्यांच्या वाद्यांच्या परंपरेने वाईट दिवसांसाठी काय तजवीज केली? माझ्या मते तीन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट तंबोऱ्याची. मिरजेच्या कारागिरांनी जिची कीर्ती देशभर नेली, ती तंबोऱ्याची जवारी म्हणजे घोडीचा पृष्ठभाग असा घासणे की तारेतील सारे उपस्वर मोकळे व्हावेत. सुताचा दोरा तारेखाली पुढेमागे सरकवून हा नाद खुलवितात. अशा नादात बसलेल्या कानाला स्वतःचा दोष आधी कळतो आणि हाताला त्यानंतर. दुसरी गोष्ट तरफांची. तरफेची तार आपल्या सुराशी तंतोतंत जुळलेल्या सुरालाच साद देते. आपण गंधार लावला आणि खालची तार गुंजली, तर तो लागला. ती गप्प राहिली, तर तो लागला नाही. तिला वशिला चालत नाही. ज्या दिवशी आपलाच कान आपल्याला फसवतो, त्या दिवशी खोलीत दुसरा एक निःपक्षपाती श्रोता हजर असतो. काब्रा आणि भट्ट यांच्या परंपरेतील वादकांनी गिटारीला या तारा जोडल्या, त्याचे मर्म मला येथे दिसते. तिसरी गोष्ट आलापाची. हात बसत नसेल त्या दिवशी मंद्र सप्तकात, जेथे सुरांमधील अंतरे मोठी असतात, तेथे थोडे सूर घेऊन फार वेळ राहावे. द्रुताची घाई करू नये. आणि कांडी थरथरवून चुकलेल्या सुरावर कंपाचे पांघरूण घालू नये. कंप हा लागलेल्या सुराचा अलंकार आहे, न लागलेल्याचा आडोसा नव्हे. रागसंगीतात आलाप आरंभी येतो. तो वादकाला रोज नव्याने सुराची जागा शोधावयास दिलेली सवलतच आहे.

ही सवलत नव्या काळाने बरीच कमी केली. दरबारात किंवा देवळात वादक सूर लागेपर्यंत वेळ घेऊ शकत असे. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेने त्याला तीन-साडेतीन मिनिटे दिली. नभोवाणीने घड्याळ दिले. या बाबतीतही म्हैसूर आघाडीवर होते. १९३५ मध्ये येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरात खासगी प्रक्षेपण केंद्र सुरू केले, आणि त्यालाच ‘आकाशवाणी’ हे पुढे देशभर रूढ झालेले नाव मिळाले. ठरलेल्या मिनिटाला तांबडा दिवा लागल्यावर ‘आज हात बसत नाही’ म्हणण्याची सोय नसते. तेव्हा पूर्वी जी शोधाशोध श्रोत्यांसमोर होत असे, ती आता पहाटे घरी उरकावी लागते. शोध टळत नाही. त्याची जागा बदलते.

दिवसभर फायलींत गुंतलेल्या आणि संध्याकाळी वाद्य घेऊन बसणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना यातून एक दिलासा मिळतो. सूर न लागणे हा बिनपडद्याच्या वाद्यातील अपवाद नाही. तो तेथील नित्यक्रम आहे. थोर वादकांचा हात कधी चुकत नव्हता असे नाही. चूक त्यांना लवकर ऐकू येत होती आणि ते लवकर सरकत होते. अशा संध्याकाळी वाद्य गुंडाळून ठेवण्यापेक्षा आधी तारा तपासाव्यात, कांडी तारांना काटकोनात आहे की नाही ते पाहावे, ती वरून सरळ पाहावी, कारण तिरक्या नजरेला रेघ जिथे दिसते तिथे ती नसते; आणि मग षड्ज व पंचम या दोनच सुरांवर पाव तास काढावा. एवढ्याने राग जमेलच असे नाही. पण दोन सूर लागलेले असतील, आणि ते दुसऱ्या दिवसासाठी शिल्लक राहतील.

अब्दुल करीम खाँसाहेबांचा म्हैसूर दरबाराशी जुना संबंध होता. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी ते मद्रासहून पाँडिचेरीस निघाले असता वाटेत त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले, फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळविला, दरबारी कानड्यात प्रार्थना केली आणि तेथेच देह ठेवला. मिरजेपासून इतक्या दूर, अनोळखी भाषेच्या गावात, अखेरच्या घटकेलाही त्यांनी आधी तंबोरा लावून घेतला. सूर काल लागला होता, यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही.